सल्ला हवा : लग्नासाठी कोट, जुना दुरुस्त करून घ्यावा की नवा शिवावा?

भाट्ये_किनारा (रत्नागिरी) :
मंडळी, येत्या जानेवारीत कुडाळला धाकट्या बहिणीचे लग्न आहे आणि संध्याकाळचा स्वागतसमारंभ मोकळ्या मैदानावर आहे. त्यासाठी मला एक कोट हवा आहे, आणि तोच पुढे महाविद्यालयातील कार्यक्रमांना व चर्चासत्रांना वापरता यावा अशी इच्छा आहे. पँटसह सगळे मिळून 9,000 रुपयांत बसवायचे आहे. कोल्हापूरला जाऊन तयार ब्लेझर घेणे किंवा इथल्या शिंप्याकडून नवा शिवून घेणे हे दोन पर्याय आहेतच. तिसरा पर्याय म्हणजे मोठ्या काकांचा गडद निळा लोकरी कोट. काका जहाजावर नोकरीला असताना त्यांनी तो परदेशात घेतला होता आणि आता तो मला दिला आहे. कापड उत्तम आहे, परंतु दोन्ही खांदे पाऊण-पाऊण इंच बाहेर जातात, बाह्या इंचभर लांब आहेत, कोट कंबरेत सैल आहे आणि काखेतले अस्तर फाटले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जहाजी_मालवण :
कोट एकदाच घ्यावा आणि चांगला घ्यावा, या मताचा मी आहे. माझा कोट मी हाँगकाँगच्या चिम शा चुई भागातील एका शिंप्याकडून शिवून घेतला होता. छातीत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास (कोटाला आकार देणारा आतला थर) हाताने टाचलेला आहे, त्यामुळे लॅपल, म्हणजे कॉलरखालची छातीवर वळलेली पट्टी, इस्त्रीने दाबल्यासारखी चपटी न पडता बटणापर्यंत गोलाई घेत वळते. इतकी वर्षे समुद्राजवळ राहूनही त्याचा आकार तसूभर बदललेला नाही. तुम्ही 25,000 ते 30,000 रुपयांची तयारी ठेवा, मुंबईला मंगलदास मार्केटमधून शुद्ध लोकरीचे कापड घ्या आणि मुंबईतच शिवायला टाका. मांडवी एक्सप्रेसने गेलात तर ट्रायलसाठी जाणे-येणेही अवघड नाही.

सुरंगी_वेंगुर्ले :
तयार ब्लेझर घेणार असाल तर आमचा अनुभव आधी वाचावा. माझ्या यजमानांनी एका मोठ्या दुकानातून चांगला महाग ब्लेझर घेतला. एक पावसाळा कपाटात राहिल्यानंतर त्याच्या छातीवर आणि लॅपलवर फुगे आले आणि ते कोणत्याही इस्त्रीने बसले नाहीत. दुकानदाराने दोष कोकणच्या हवेवर ढकलून हात वर केले. खरे कारण असे आहे की, अशा कोटात वरचे कापड आणि आतला ताठ थर हे गोंद लावून, उष्णतेने दाबून एकमेकांना चिकटवलेले असतात. दमट हवा, कडक इस्त्री आणि वारंवार ड्रायक्लीन यांनी तो गोंद सुटतो. घेताना खालच्या काजाच्या जरा खाली कोटाचा पुढचा भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरावा आणि बाहेरचे कापड व आतली बाजू हलकेच एकमेकांपासून ओढावी. मध्ये सुटा सरकणारा तिसरा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे. लागला नाही आणि बाहेरचे कापडच ताठ वाटले, तर ते चिकटवलेले आहे. ही परीक्षा दुकानदाराच्या देखत करावी, त्यात संकोच बाळगू नये.

कातळकडा_देवरुख :
मुळात कोकणात कोट हवाच कशाला, हा माझा प्रश्न आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात मी सुती बंदगळा शिवला होता आणि आजही तो प्रत्येक समारंभाला वापरतो. टाय लागत नाही, शर्टाच्या कॉलरची चिंता नाही आणि आपल्या माणसांत तो शोभूनही दिसतो. बहिणीच्या लग्नात भाऊ दिवसभर पाहुण्यांच्या पाठी धावत असतो, याचाही विचार व्हावा.

वकील_ओरोस :
कातळकडा यांच्याशी मी नम्रपणे असहमत आहे. बंदगळ्याला गळा बंद असतो, त्यामुळे उकाड्यात तो कोटापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो. कोट निदान पुढून उघडता येतो. आम्हा वकिलांना कोटाचे सुख-दुःख रोजचे आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, मात्र सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत ही सवलत मिळत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्यापैकी अनेकांना भर उन्हाळ्यातही कोट चढवूनच घाट चढावा लागतो.

अनुभवाची गोष्ट एवढीच की, घाम कापडापेक्षा अस्तरामुळे जास्त येतो. माझ्या जुन्या कोटाला संपूर्ण पॉलिस्टरचे अस्तर होते. नव्या कोटाला पाठीत फक्त वरच्या बाजूस, खांद्यांच्या पात्यांपर्यंत अस्तर ठेवले आहे, खालची पाठ मोकळी आहे आणि शिवणींच्या कडा आतून पट्टी लावून बंद केल्या आहेत. हे काम शिंप्याला जास्त पडते, कारण आतली प्रत्येक शिवण उघडी दिसते, आणि म्हणून तो अस्तर पूर्ण लावण्याचाच आग्रह धरतो. त्याला बधू नये.

कातळकडा_देवरुख :
उन्हाळ्यातही तालुका न्यायालयात काळा कोट घातलेले वकील मी पाहिले आहेत, त्यामुळे सवलतीचा मुद्दा मला पटला नाही.

वकील_ओरोस :
सक्ती नसणे आणि मनाई असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना घालायचा आहे ते घालतात.

कात्री_चिपळूण :
कोट आणि सफारी शिवण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोटात काय बदलता येते आणि काय नाही, हे आधी समजून घ्यावे. कंबर आत घेणे सोपे आहे. पाठीच्या मधल्या शिवणीतून आणि बगलेच्या शिवणींतून मिळून दीड इंचापर्यंत सहज घेता येते. त्याहून जास्त घेतले तर खिसे मागे सरकलेले दिसतात. बाही आखूड करणे सोपे आहे, पण मनगटाची काजे खरोखर कापलेली असतील तर बाही खालून कापता येत नाही, ती वरून, खांद्यापासून काढून उतरवावी लागते आणि मजुरी कितीतरी पटींनी वाढते. काजे नुसती धाग्याने उमटवलेली असतील तर काळजी नाही. बाही एवढीच ठेवावी की हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसेल. कोटाची उंची मात्र कमी करण्याच्या फंदात पडू नये, कारण खिसे जागच्या जागी राहतात आणि कोट खालून तोडल्यासारखा दिसतो.

आता खांद्याविषयी. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, पॅड काढून छाटायचे, मुंढा (बाही जोडतात तो गोल भाग) आत कापायचा आणि मग बाही पुन्हा बसवायची. मुंढा कापला की त्याचा घेर बदलतो आणि जुन्या बाहीचा माथा त्यात नीट बसत नाही. बसवला तरी पुढे चुण्या किंवा मागे खळगा येतो. शिवाय छातीतला कॅनव्हास खांद्यापर्यंत गेलेला असतो, त्यालाही हात लावावा लागतो. म्हणजे नव्या कोटाचे निम्मे काम जुन्या कापडावर करायचे, आणि बिघडले तर कापड परत मिळत नाही. तुमचा खांदा नक्की किती रुंद आहे हे पाहण्यासाठी कोट घालून भिंतीला कडेने टेकून उभे राहावे. दंडाआधी पॅड भिंतीला लागले तर खांदा मोठा आहे.

माझा सल्ला असा आहे की काकांचा कोट आठवण म्हणून जपून ठेवावा आणि नवा शिवावा. दीडशे सेंटिमीटर पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड तुमच्या कोटाला पुरेल. तुमच्या रकमेत शुद्ध लोकर आणि कॅनव्हास दोन्ही बसणार नाहीत, म्हणून लोकर-मिश्रित हलके कापड घ्यावे आणि पुढचा भाग निदान छातीपुरता कॅनव्हासचा करून मागावा. शिंप्याला सांगावे की शिवणींत माया (आत दुमडलेले जादा कापड) भरपूर ठेव, म्हणजे पुढे शरीर सुटले तरी कोट सैल करता येईल.

पेडण्यापलीकडे :
आमच्याकडे म्हापशाला ख्रिस्ती लग्नांचे सूट शिवणारे जुने शिंपी आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही, तेव्हा सावंतवाडी-कुडाळकडच्या मंडळींनी तिकडेच जावे. खांदा पाहण्याची उत्तम रीत मी सांगतो. कोट घालून भिंतीला कडेने टेकावे, आधी काय टेकते ते पाहावे. आणि फोटोसाठी उभे राहताना दोन्ही बटणे लावावीत, त्याने कोट भारदस्त दिसतो.

जहाजी_मालवण :
दोन बटणांच्या कोटाचे खालचे बटण कधीही लावू नये. वरच्या बटणाच्या खाली कोट बाहेरच्या बाजूला वळवूनच कापलेला असतो. खालचे बटण लावले की कंबरेवर आडव्या चुण्या पडतात आणि बसताना सगळा ताण त्या बटणावर येतो. भारदस्त दिसण्याशी त्याचा संबंध नाही.

पेडण्यापलीकडे :
आमच्या वाड्यावरचे ज्येष्ठ दोन्ही बटणे लावत आले आहेत आणि त्यांचे फोटो आजही पाहण्यासारखे आहेत.

भाट्ये_किनारा :
सर्वांचे आभार. रक्कम 9,000 रुपये आहे, हे पुन्हा एकदा नमूद करतो.

सांगितलेल्या परीक्षा काकांच्या कोटावर करून पाहिल्या. भिंतीला आधी पॅड लागते, म्हणजे कात्रीदादांचे म्हणणे बरोबर आहे. चिमटीत मात्र तिसरा थर स्पष्ट सरकतो. मनगटाची काजे नुसती उमटवलेली आहेत. कसर लागली आहे का हे पाहण्यासाठी कोट खिडकीशी उजेडात धरला, तेव्हा कॉलरच्या खाली दोन बारीक भोके दिसली. परंतु त्याहून नवल असे की, जिथे अस्तर नाही तिथे सगळ्या कापडातूनच बारीक चौकटींनी उजेड येतो. धागा जाडसर आहे, तरी वीण विरळ आहे, आणि कापड मुठीत दाबून सोडले तर सुरकुती राहत नाही. हे कापड कोणते असावे?

कात्री_चिपळूण :
वर्णनावरून ती हॉपसॅक वीण वाटते. उभे-आडवे धागे जोडीजोडीने विणलेले असतात, म्हणून चौकट दिसते. निळ्या ब्लेझरला हे फार जुने आणि मान्य कापड आहे. हवा आरपार जाते, त्यामुळे आपल्याकडच्या दमटपणात ते सुसह्य असते, फक्त धागा अडकून ओढला जातो, तेवढी काळजी घ्यावी लागते. भोके रफूने भरतील, आणि कॉलरखाली असल्याने दिसणारही नाहीत. कापड चांगले आहे याबद्दल वाद नाही. वाद खांद्याचा आहे, आणि माझे मत बदललेले नाही.

सुरंगी_वेंगुर्ले :
कोणताही कोट घ्या, पण तो पावसाळ्यात कसा ठेवणार याचा विचार आताच करावा, कारण इथे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कपाटात शिरतो. दुकानाची प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढून टाकावी, तिच्यात ओल कोंडते आणि बुरशी धरते. जुन्या सुती पंचाचे आवरण शिवून घालावे. रुंद खांद्याचा लाकडी हँगर वापरावा, तारेच्या हँगरने खांद्याला टोके येतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळाली की कोट सावलीत वाऱ्यावर टांगावा, उन्हात नव्हे. कसर घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर आधी येते, म्हणून मळका कोट कधीही आत ठेवू नये. हे सगळे कोटाच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

वकील_ओरोस :
सुरंगीताईंशी पूर्ण सहमत. भाट्येकरांना माझा शेवटचा आग्रह हाच की नवा शिवावा आणि अस्तर अर्धेच ठेवावे. खांदा चुकला की बाकी सगळे फुकट जाते, हे इथे जवळजवळ सर्वांनी सांगितलेच आहे.

भाट्ये_किनारा :
निर्णय झाला आहे आणि तो बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध आहे, म्हणून कारणांसह कळवतो. मी काकांचाच कोट दुरुस्त करून घेत आहे आणि खांद्याला हात लावणार नाही. शुद्ध लोकर, कॅनव्हास आणि अशी हवेशीर वीण हे तिन्ही मला 9,000 रुपयांत नव्याने मिळणार नाहीत, हे तुमच्याच प्रतिसादांतून मला कळले. पाऊण इंच रुंद खांदा शिंप्याच्या नजरेला खटकेल, पण माझ्या हालचालीला त्याची अडचण होत नाही आणि कॉलर मानेला नीट चिकटून बसते, मागे फट राहत नाही. इथल्या शिंप्याने कंबर सव्वा इंच घेण्याचे, बाह्या खालून आखूड करण्याचे, रफूचे आणि अस्तर बदलण्याचे मान्य केले आहे. पाठीचे अस्तर वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे अर्धेच घेणार आहे. उरलेल्या रकमेत करड्या रंगाच्या हलक्या लोकर-मिश्रित कापडाची पँट शिवतो आहे. बंदगळ्याचाही विचार केला होता, परंतु चर्चासत्रात मला ब्लेझरच अधिक उपयोगी पडेल.

कातळकडा_देवरुख :
लग्नात उकडले की बंदगळा आठवेल.

कात्री_चिपळूण :
मला हा निर्णय पटलेला नाही, पण घेतलाच आहे तर काम क्रमाने करून घ्यावे. आधी कंबर, मग बाह्या, रफू त्यानंतर, आणि अस्तर सर्वांत शेवटी, नाहीतर बसवलेले अस्तर पुन्हा उसवावे लागेल. ट्रायलला लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जावे. दोन्ही हातांचे माप वेगवेगळे घ्यायला सांगावे, बहुतेकांचा एक हात किंचित लांब असतो. कच्ची टीप घातल्यावर कोट अंगात घालून, वरचे बटण लावून खुर्चीत बसून पाहावे आणि हात पुढे करून कुणाला तरी नमस्कार करतो तसे वाकून पाहावे. पाठीत ओढ आली तर कंबर पाव इंच सोडायला सांगावी. कापलेल्या बाहीच्या कापडाचे तुकडे शिंप्याकडून मागून घ्यावेत, रफूगराला धागा त्यातूनच मिळतो.