मदत हवी आहे : भारतीय फुटबॉल संघात दोष प्रशिक्षकाचा की स्ट्रायकरांच्या टंचाईचा?

14 ऑक्टोबर 2025 रोजी गोव्यात फातोर्ड्याला भारताच्या छांगतेने दुरून मारलेला गोल पाहून आम्ही सगळे उभे राहून ओरडलो. पण सिंगापूरने सामना 2-1 असा जिंकला आणि 2027च्या आशिया चषकाची आपली वाट बंद झाली. तेव्हापासून खालिद जमील यांना भारताच्या प्रशिक्षकपदी ठेवावे की नाही, यावरून आमच्या मित्रमंडळीत वाद सुरू आहे. मला मात्र वाटते, की आधीचे एक प्रशिक्षक स्टिमाच यांच्या काळातही 2023च्या आशिया चषकाच्या तिन्ही सामन्यांत आपल्याला एकही गोल करता आला नव्हता, तेव्हा नुसता प्रशिक्षक बदलून काय साधणार? आयएसएलचे (देशातील अव्वल फुटबॉल लीगचे) क्लब सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी बहुधा परदेशी खेळाडूच खेळवतात. त्या जागेवर सलग खेळणारे तरुण भारतीय खेळाडू कोणते, हे आय-लीग (आयएसएलच्या खालच्या श्रेणीची लीग) नियमित पाहणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे.