दवाखान्याचा फोन एआयकडे द्यायचा, तर निवड कशावरून करायची?

पहिली_घंटा (धागा):
आमच्या दवाखान्यात तीन डॉक्टर आणि काउंटरवर एकच व्यक्ती. समोर पेशंट उभा असताना फोन वाजतो आणि दोघांपैकी एकाला थांबावं लागतं. बहुतेक वेळा फोनवाल्यालाच. म्हणून फोन उचलणारा एआय रिसेप्शनिस्ट घ्यायचं घाटतंय.

डेमो सगळ्यांचेच गोड आहेत. पण डेमोत बोलणारा माणूस कंपनीचाच असतो, शांत खोलीत बसलेला, एकेक वाक्य नीट पूर्ण करणारा. तसा पेशंट मी अजून पाहिलेला नाही. म्हणून माझं मत असं झालंय की आवाज किती माणसासारखा वाटतो हे सगळ्यांत शेवटी बघावं. आधी हे बघावं, की आपल्याला जमत नाहीये हे त्याला कळतं का, आणि कळल्यावर फोन माणसाकडे देतो का. मग अपॉइंटमेंट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच क्षणी नोंदवतो की नुसता निरोप घेऊन ठेवतो. निरोपच घ्यायचा असेल तर व्हॉइसमेल काय वाईट होता? मतं हवीत, विरोधीही चालतील.

काउंटरवाली:
विरोधीच देते, कारण हेच काम करते. एक फोन सांगते, असे येतच असतात. "जरा जळजळतंय, अ‍ॅसिडिटीच असणार, उद्या संध्याकाळची वेळ द्या." यात घाबरण्यासारखा एकही शब्द नाही. पण बोलताना धाप लागलेली मला ऐकू येते, आणि मी वेळ न देता डॉक्टरांना हाक मारते. तुमचं यंत्र काय करेल? उद्या संध्याकाळची वेळ देईल, अगदी नम्रपणे, आणि वर आठवणीचा मेसेजही पाठवेल.

शंकासुर:
@काउंटरवाली, तुम्ही तुलना चुकीच्या बाजूने करताय. सकाळी ताज्या असलेल्या तुम्ही एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे, असा सामना नाहीये. तुम्ही दुसऱ्या फोनवर असताना किंवा दवाखाना बंद असताना जो फोन नुसता वाजत राहतो, त्याच्याशी तुलना करा. न उचललेल्या फोनला धापही ऐकू येत नाही आणि शब्दही.

काउंटरवाली:
वाजत राहणारा फोन माणसाला निदान हे तरी सांगतो की इथे कोणी नाही, दुसरीकडे जा. यंत्र सांगतं "झालं तुमचं काम". मला दुसरं जास्त धोक्याचं वाटतं.

ओढाळ_तार:
टेलिफोनीत काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

साध्या फोन लाइनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा जातो. 'स', 'फ' यांची ओळख बरीचशी त्याच्या वर असते, म्हणजे ती वाटेतच गळते. माणूस संदर्भावरून भरून काढतो. यंत्रही भरून काढतं, फक्त कधीकधी भलतंच. आडनावं आणि औषधांची नावं इथे मार खातात. हायड्रॉक्सिझिन हे खाज-अ‍ॅलर्जीसाठी, हायड्रॅलझिन रक्तदाबासाठी. या जोडीत तर कागदावरसुद्धा गोंधळ होतो. म्हणून फोनवर औषधाचं नाव ऐकून थेट रिफिल (तेच औषध पुन्हा देणं) नोंदवणारी कुठलीही सोय मी पहिल्या दिवशीच बंद करून टाकेन.

दुसरं, उशीर. माणसामाणसांच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. दहा भाषांवरच्या २००९ च्या अभ्यासात ते भाषेगणिक फार तर साधारण पाव सेकंद इकडेतिकडे हललं. यंत्राला ऐकणं, लिहून काढणं, उत्तर जुळवणं आणि बोलणं एवढं सगळं उरकायचं असतं. उशीर कमी दिसावा म्हणून काही कंपन्या "बोलणं संपलं" हे ठरवायची मर्यादा फार आखडतात. मग वयस्कर माणूस तारीख आठवायला थांबला की यंत्र मध्येच तोंड घालतं. डेमोत हे दिसणार नाही. स्वतः फोन करा: चालत्या गाडीतून, मागे टीव्ही चालू ठेवून. मध्येच मत बदला: "पावणेसहाला नको, सव्वासहा... नाही, राहू द्या, परवाचं बघा." मग त्याने तोंडाने काय सांगितलं ते सोडा, कॅलेंडरमध्ये काय पडलं ते बघा.

शंकासुर:
परीक्षा मान्य. पण तीच काउंटरवरच्या माणसाचीही घ्या. खाडाखोड केलेल्या नोंदी आम्हीही पाहिल्यात. यंत्राचा प्रत्येक कॉल निदान लिहिलेला तरी सापडतो.

ओढाळ_तार:
लिहिलेला सापडतो, खरा असेलच असं नाही. ओपनएआयच्या व्हिस्परवर, म्हणजे बोलणं लिहून काढणाऱ्या यंत्रणेवर, २०२४ मध्ये अभ्यास झाला होता. लिहून काढलेल्या सुमारे १ टक्का मजकुरांत कोणी न बोललेली अख्खी वाक्यं आढळली, आणि बोलण्यात लांब विराम असतील तिथे प्रमाण वाढत होतं. अडखळत, थांबत बोलणारी माणसं कुठे जास्त फोन करतात, ते सांगायला नको. मूळ ध्वनिमुद्रण ठेवता येत नसेल तर नुसत्या मजकुरावर विसंबू नका.

नाडी_बघा:
डॉक्टर आहे. काउंटरवाली यांचं उदाहरण मला पूर्ण पटलं, तरी निष्कर्ष पटला नाही. वेळ देणं, बदलणं, रद्द करणं, दवाखाना कधी उघडा असतो, येताना कुठले रिपोर्ट आणायचे, एवढंच यंत्राला द्यावं. लक्षणांवर त्याने मत देऊ नये. पण पेशंट लक्षणं सांगणारच, तुम्ही विचारा अथवा नका विचारू. तेव्हा छाती, श्वास, रक्तस्राव, तोंड वाकडं होणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यांसाठी पक्के नियम हवेत, एआय मॉडेलच्या मर्जीवर नकोत. 'जळजळ'सुद्धा त्या यादीत हवी. यादी विनाकारण ओरडली तरी चालेल.

खाजगीपणाबद्दल इथे कोणीच बोललं नाही. बायकोच्या नावाने नवरा फोन करतो: "तिची अपॉइंटमेंट कधी आहे हो?" नाव आणि जन्मतारीख त्याला पाठच असते. दिसणारा नंबरही खोटा असू शकतो. यंत्राने "मंगळवारी, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे" म्हटलं की झाली गळती. त्याला एकच सांगा: माहिती बोलून दाखवायची नाही, नोंदलेल्या नंबरवर मेसेज पाठवायचा. तोही तपशील न उघड करणारा.

आणि "हिपा प्रमाणित" हा बिल्ला बघून हुरळू नका. हिपा म्हणजे पेशंटची माहिती खाजगी ठेवण्याबद्दलचा अमेरिकन कायदा. त्याखाली सरकार कुठल्याही उत्पादनाला प्रमाणपत्र देत नाही. कंपनीशी लेखी करार काय होतो, ध्वनिमुद्रणं कुठे आणि किती काळ राहतात, त्यांवर मॉडेल शिकवलं जातं का, हे विचारा. उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर तेही उत्तरच.

शंकासुर:
बरं, एक अडचणीचं विचारतो. "मी एआय आहे" असं सुरुवातीलाच सांगितलं तर लोक फोन ठेवतात. सांगायलाच हवं का?

नाडी_बघा:
हवं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात तर ते स्पष्टच आलंय. कायदा नसेल तिथेही सांगावं, कारण पेशंटला वाटलं की माणूस ऐकतोय, तर तो धाप ऐकू येईल या भरवशावर राहतो. ठेवला फोन तर ठेवू दे. "माणसाशी बोलायचंय" म्हटल्यावर लगेच जोडून दिला, तर पुष्कळ जण ठेवणारही नाहीत.

काउंटरवाली:
आणि चुकलं तर जबाबदार कोण? कंपनी की आम्ही?

ओढाळ_तार:
तुम्हीच धरून चाला. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने भाड्याच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, आणि चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार असल्यासारखा बचाव कंपनीकडून आला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये तो झिडकारला आणि भरपाई द्यायला लावली. तिथे नुसतं तिकिटाचं भाडं होतं.

पहिली_घंटा:
सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचे जास्त. सध्याचा विचार असा: दिवसा काउंटरवरचीच व्यक्ती फोन घेईल, तिने उचलला नाही तरच तो यंत्राकडे जाईल. रात्री पूर्ण यंत्र, पण फक्त वेळ देणं-बदलणं. रिफिल नाही, रिपोर्ट नाही. गेल्या काही महिन्यांतले अवघड कॉल नाव-गाव काढून विक्रेत्यांना देणार, त्यांच्या डेमोऐवजी आमचे.

काउंटरवाली:
याला माझा विरोध नाही. फक्त एवढं सांगा, रात्री धोक्याचा शब्द आला आणि यंत्राने "माणसाकडे जोडतो" म्हटलं, तर तो फोन वाजणार कुणाच्या उशाशी?

पहिली_घंटा:
तिथेच अडलंय. दोन डॉक्टर आळीपाळीने घ्यायला तयार आहेत, तिसरे म्हणतात की सरळ रुग्णवाहिकेचा नंबर सांगून फोन ठेवावा. तिघांचं ठरेपर्यंत करारावर सही करत नाही.