फ्युएल पंपाला लोडवर (म्हणजे पंप चालू असताना) व्होल्टेज कमी मिळतंय, मदत हवी आहे

मंडळी, पेट्रोल गाडी आहे, थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते पण अर्धा तास चालवली की मधेच बंद पडते आणि वीसेक मिनिटं थांबल्याशिवाय परत सुरूच होत नाही. तेव्हा चावी ऑन केल्यावर टाकीतून पंपाचा जो दोन सेकंद घूं आवाज येतो तोच येत नाही, म्हणून पंपावर संशय. फ्यूज ठीक आहे, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बदलून पाहिला, काही फरक नाही.

पंपाचा कनेक्टर काढून मोजलं तर १२.३ व्होल्ट, पण कनेक्टर लावून, रिलेच्या ३० आणि ८७ पिना वायरने जोडून पंप चालू ठेवला आणि कनेक्टरच्या मागून मीटरचे प्रोब घातले तर फक्त ८.५! कनेक्टरचं प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी झालंय.

आता प्रश्न असा की पिन सैल होऊन तापली, की पंपच जाम होऊन जास्त करंट ओढतोय म्हणून कनेक्टर जळाला? अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूचा ड्रॉप, म्हणजे त्या वायरीत किती व्होल्ट वाया जातात, तो मोजायचा राहिलाय, तो बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोजू की बॉडीपासून? आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती लावून करंट मोजणारा) मिळाला तर किती अँपिअरला पंप खराब समजायचा? घरच्यांना घेऊन हायवेवर जायची भीती वाटते हो, कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.