धर्माच्या रकान्यात 'नाही' लिहायचा हक्क कागदावरच राहणार का?

रानवारा:
लेकीच्या ॲडमिशनचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. 'धर्म' पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. यादीत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, जैन, शीख, पारशी आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. आम्ही नवराबायको नास्तिक, पोरगीही स्वतः विचार करून नको म्हणते. 'इतर' म्हणजे दुसरा कुठलातरी धर्म, तोही आम्हाला नाही. फोन केला तर तिकडच्या मॅडम म्हणाल्या, अहो आडनावावरून कळतंय की, हिंदू टाका आणि मोकळे व्हा.

सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाने रणजित मोहिते यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की सरकार कुणावरही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही आणि 'मला कुठलाच धर्म नाही' म्हणणं हे कलम 25 मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच बसतं. विशेष म्हणजे कोर्टात गेलेले लोक नास्तिक नव्हतेच, येशूला मानणारे होते, फक्त ख्रिश्चन किंवा कुठल्याच धर्माचे म्हणवून घ्यायचं नव्हतं आणि गॅझेटवाले तशी नोंद करून देत नव्हते. निकाल लागून एवढी वर्षं झाली, फॉर्म मात्र तेच. मला वेगळी सवलत नको, आस्तिकाला जसं खरं लिहिता येतं तसं मलाही लिहिता यावं एवढंच.

माउली_लातूर:
दादा, रागावू नका पण नास्तिकांना या देशात नेमकं काय कमी आहे ते सांगा. आमदार-मंत्र्यांना 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' ऐवजी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणता येतं, 1969 च्या शपथ कायद्याने कोर्टातल्या साक्षीदारालाही तीच मुभा आहे. आमच्याकडे सप्ताहाच्या पंगतीत बसलेल्याला कुणी विचारत नाही बाबा तू देव मानतोस का. फॉर्ममधला धर्म हा श्रद्धेचा प्रश्नच नाही, कुठला कायदा लागू आणि लोकसंख्या किती यासाठी ते असतं. हिंदू कायदा देव न मानणाऱ्यालाही लागतो, त्यात तुमचं नुकसान काय झालं?

शिरीन_के:
नुकसान माझं होतंय माउली, ऐका. तुमचा 1956 चा वारसा कायदा जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नाही अशा जवळपास सगळ्यांना लागतो, त्यामुळे हिंदू घरातला नास्तिक आपोआप सामावला जातो. मी मुस्लिम घरात जन्मले. मी मानत नाही, अब्बाही मानत नाहीत, त्यांना मला आणि भावाला सारखं द्यायचंय. पण शरीयतप्रमाणे भावाला दोन वाटे आणि मला एक, मृत्युपत्र एक तृतीयांशापुरतंच, आणि आमच्याकडे वारसाच्या नावाने करायचं तर बाकी वारसांची संमती पण हवी. केरळातल्या एका बाईंनी हाच प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात याचिका केलीय, 2024 मध्ये कोर्टाने ती विचारात घेतली. ज्या धर्मावर विश्वास नाही त्याचा कायदा आयुष्यभर का चिकटावा?

माउली_लातूर:
ताई, मग अब्बांनी हयातीतच बक्षीसपत्र करून द्यावं ना. रस्ता आहे.

शिरीन_के:
रस्ता आहे म्हणता, पण हिबा, म्हणजे आमच्यातलं बक्षीसपत्र, करायचा तर ताबाही द्यावा लागतो. राहत्या घरावरचा हक्क म्हातारपणी सोडून द्या आणि मग मुलांच्या मर्जीवर राहा, असं मी माझ्या वडलांना सांगू? तुमच्या वडलांना हे करावं लागत नाही, माझ्या वडलांना करावं लागतं. समान नागरिक म्हणतात ते इथेच अडतं.

भीमाकाठ:
शिरीनताईंचं पटतं, रानवारांचं पूर्ण पटत नाही. 'धर्म नाही' लिहा म्हणणं ज्याला गमवायचं काही नाही त्याला सोपं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, 1956 ला शीख आले आणि बौद्धांना केंद्राने 1990 मध्ये घेतलं. आमच्या आजोबांनी 56 सालीच दीक्षा घेतली, म्हणजे 34 वर्षं वाट बघितली. मी देव मानत नाही, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा वाचून बघा. तरी रकान्यात बौद्ध लिहितो आणि अभिमानाने लिहितो. उद्या पोराने 'निधर्मी' लिहिलं आणि जात पडताळणीत फाइल अडली तर कोण धावून येणार?

रानवारा:
दादा, म्हणून तर ऐच्छिक पाहिजे. सक्ती मलाही नको. पण धर्म सोडला म्हणून गावातली वागणूक बदलत नाही, जात तशीच चिकटून राहते, मग संरक्षणच तेवढं का सुटावं? ते धर्माशी बांधलंय हीच मूळ अडचण आहे.

सातारी_बाणा:
हे सगळं ठीक आहे पण शिस्त म्हणून काही असतं का नाही. शाळेत प्रार्थनेला सगळे हात जोडतात आणि गुरुजीच तसेच उभे राहतात, पोरांनी काय शिकायचं? हक्काच्या नावाखाली आमच्या श्रद्धेचा अपमान चालणार नाही.

इंदू_पुणे:
मी रोज पूजा करते, एकादशी धरते, तरी सातारींना विरोध करते. नाशिकच्या एका शिक्षकांचं असंच झालं होतं, प्रार्थनेला उभे राहायचे पण हात जोडत नव्हते म्हणून वरची वेतनश्रेणी अडवली. 2013 मध्ये हायकोर्टाने सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येणार नाही. शांत उभा राहिलेला माणूस माझ्या विठ्ठलाचा काय अपमान करतो हो?

आणि हा प्रश्न आजचा नाही. 17 ऑक्टोबर 1949 ला घटना समितीत ह. वि. कामथांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करायची दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला, मतदान झालं, बाजूने 41 आणि विरोधात 68. विरोधातले काय सगळे नास्तिक होते का? देव मानणाऱ्यांनीच ठरवलं की न मानणाऱ्यावर तो लादायचा नाही. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

सातारी_बाणा:
लादायचं नाही मान्य. पण तुम्ही लोक आमच्या सणांवर रोज टीका करता ते?

रानवारा:
टीकेला टीकेने उत्तर द्या, मी ऐकून घेईन. डॉ. दाभोलकर तर देव मानू नका असंही सांगत नव्हते, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीवर बोलायचे, तरी 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला गेले असताना पुण्यात गोळ्या घातल्या. 10 मे 2024 ला निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. त्यामुळे टीका सहन होत नाही हे वाक्य वाचलं की मला भीती वाटते, खरंच वाटते.

माउली_लातूर:
त्या खुनाचं समर्थन कुठलाही वारकरी करणार नाही, ते इथं आणू नका. माझा मुद्दा मोजणीचा होता. 2011 च्या जनगणनेत नास्तिक म्हणून 33 हजारांच्या आसपास लोक निघाले, एवढ्यांसाठी देशभरातले फॉर्म आणि कायदे बदलायचे?

शिरीन_के:
त्याच जनगणनेत 28 लाखांवर लोकांनी धर्म सांगितलाच नाही, तेही बघा. आणि घरोघरी मोजणीदार येतो तेव्हा घरातला मोठा माणूस सगळ्यांचा धर्म एकदमच सांगून टाकतो. माझ्या सासरी मला कुणी विचारलं नव्हतं. आता 2027 ची येतेय, तेव्हा मी दारात स्वतः उभी राहणार आहे.