ॲल्युमिनियमच्या बोटीवरची जुनी स्टिकरं काढायची आहेत, खालचा रंग न घालवता

शिवसागर_काठ:
तापोळ्याच्या बाजूला, शिवसागर जलाशयात वापरायला १४ फुटी रिव्हेटची ॲल्युमिनियम बोट सेकंडहँड घेतली आहे. पांढरा रंग, दोन्ही अंगांना आधीच्या धंद्याचं नाव निळ्या व्हायनलच्या ९ इंची अक्षरांत. उन्हाने अक्षरं इतकी कडक झालीत की नखाने उचललं तर तांदळाच्या कणीएवढा तुकडा हातात येतो. शिवाय नाळेवर (पुढच्या टोकाला) पंजाएवढा रंग उडून धातू उघडा आहे, तळाची कड वाळूवर घासून चकचकीत झाली आहे आणि मागे दोन बोल्टांभोवती रंग फुगलाय. रंगारी म्हणतो, थिनरने पुसून काढा, रेड ऑक्साइड मारा, वर ऑइल पेंट. असं चालेल का? पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचं आहे.

रंगपेटी:
रेड ऑक्साइड लोखंडासाठी. ॲल्युमिनियमवर ते नीट धरत नाही, एखाद्या हंगामात पोपडे सुटतात आणि वरचा ऑइल पेंटही सोबत जातो. थिनरचं पुढे सांगतो.

आधी खालचा रंग कोणता ते ओळखा. आतल्या बाजूला, बाकाखाली, हातभर जागा साबणाने धुऊन जरा रबिंग कंपाउंड मारा, म्हणजे वरची भुकटी जाईल. मग थिनरमध्ये भिजवलेलं कापड अर्धा मिनिट दाबून धरा. बोट पांढरी आहे, तेव्हा कापड काळं घ्या, नाहीतर काही दिसणार नाही. कापडावर पांढरं उतरलं किंवा रंग चिकट लागला तर साधा ऑइल पेंट आहे, त्याला थिनर अजिबात लावू नका. काही उतरलं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा कारखान्यात भाजलेला रंग. त्यावरही थिनर नुसता पुसण्यापुरता, भिजत ठेवायचा नाही.

स्टिकर उष्णतेनेच निघतं. हिटगन कमीवर, चार-पाच इंच लांब, सतत हलती. पत्रा ६०-७० अंशांवर गेला की पुरे, म्हणजे हात क्षणभरच टेकवता येईल इतका. ॲल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं, त्यामुळे सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं आणि माणूस गन जवळ नेतो. तिथेच रंगाला फोड येतात. बाकाखाली फोम भरलेला असेल तर तोही वितळतो. धीर धरा, अक्षराची कड प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला आणि सुटलेलं व्हायनल पत्र्याला जवळजवळ समांतर, मागे दुमडून ओढा. सरळ बाहेर ओढलं की ते तुटतं.

तुमचं व्हायनल कणीकणीने निघतंय म्हणजे त्यातला मऊपणा संपलाय. गरम करूनही तसंच निघालं तर ड्रिलला लागणारं रबरी चाक घ्या, कार डेकोरच्या दुकानात मिळतं. ड्रिल हळू, चाक एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. ग्राइंडरला ते लावू नका, त्या वेगाला रबर जळतं आणि रंगही.

उरलेल्या गोंदावर रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन लावून पाच-दहा मिनिटं मुरू द्या, कापडाने गोळा करून काढा, मग साबणाने दोनदा धुवा. रॉकेलचा तेलकटपणा राहिला तर पुढचा कुठलाच थर धरणार नाही.

खाडीतला_मिस्त्री:
वरचं बरोबर. एक राहिलं: स्टिकर गेलं तरी नाव वाचता येणार. अक्षरांखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, आजूबाजूचा विटलेला. लोक अक्षरांच्या जागीच घासत बसतात, तिथला चांगला रंग पातळ होतो. घासायचं ते बाहेरचं. रबिंग कंपाउंडने अख्खी बाजू, नाळेपासून मागच्या फळीपर्यंत, मग पॉलिश. तरी छाया राहिली तर नवं नाव जुन्यापेक्षा मोठं करून त्याच जागी लावा.

उघड्या धातूचं: आधी तेलकटपणा काढा, मग घासा. उलट केलं तर तेल ओरखड्यांत शिरतं. १८० नंबरचा पेपर, मग ३२०, जुन्या रंगाची कड दोन इंच उतरती करा. लोखंडी वायरब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि तिथून खड्डे पडायला लागतात. कॉस्टिकचा पेंट रिमूव्हर आणि टॉयलेट क्लीनर दोन्ही ॲल्युमिनियम खातात. घासल्यावर पाणी शिंपडा. ते अखंड पसरलं तर जागा साफ, थेंब जमले तर पुन्हा धुवा.

सुकल्यावर त्याच पेपरचा हलका हात फिरवा आणि तासाभरात दोन डब्यांचा (प्रायमर आणि हार्डनर वेगळे) एपॉक्सी प्रायमर, दोन पातळ हात. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच बनायला लागतो, म्हणून रात्रभर ठेवून सकाळी प्रायमर नको. दुकानदार खाली वॉश प्रायमरही देऊ करेल. त्यातलं आम्ल बऱ्याच एपॉक्सींना चालत नाही, डब्यावर स्पष्ट लिहिलं नसेल तर जोडी जमवू नका.

पंजाएवढ्या जागेला ५० मिली मिश्रण भरपूर. प्रमाण डब्यावरचंच, औषधाच्या सिरिंजने मोजा. ४:१ असेल तर ४० आणि १०. डोळ्यांनी मोजलेला हार्डनर म्हणजे कायमचा चिकट डाग. वर पीयूचे दोन पातळ हात, ब्रशने. पीयू फवारायचा असेल तर तो रंगकाम करणाऱ्यावर सोडा, हार्डनरमधलं आयसोसायनेट कापडी मास्कने अडत नाही.

रंग जुळवायला ऑटो पेंटच्या दुकानात नमुना न्याल तो पॉलिश केलेल्या भागाचा, विटलेल्या नव्हे. ठिगळ मध्येच संपवू नका, रिव्हेटच्या ओळीपर्यंत न्या, सांधा तिथे लपतो.

शिवसागर_काठ:
कापडाला काही लागलं नाही, म्हणजे पीयू किंवा भाजलेला. तळाची कडही रंगवू का? आणि बोल्टांचं काय?

खाडीतला_मिस्त्री:
कड रंगवू नका. गोड्या पाण्यात उघडं ॲल्युमिनियम स्वतःच्या ऑक्साइडवर छान टिकतं आणि वाळूवर ओढल्यावर कुठलाही रंग आठवडाभरात जाणारच. तळाला शेवाळ धरू नये म्हणून कोणी तांब्याचा रंग सुचवला तर नाही म्हणा. तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम.

फुगलेल्या जागीही तेच चाललंय, स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला खातोय. फुगा फोडलात तर खाली पांढरी भुकटी निघेल. बोल्ट काढा, नायलॉनच्या ब्रशने भुकटी साफ करा, भोकाच्या आतल्या कडेलाही प्रायमर लावा आणि नायलॉनचा वॉशर व बाही (बोल्टावर चढणारी नळी) घालून सीलंटमध्ये बसवा. नुसतं वरून रंगवलंत तर पावसाळा संपेपर्यंत फुगा परत. रिव्हेटभोवती भुकटी दिसली तर आधी पाणी भरून गळती पाहा. रिव्हेटची डोकी मात्र घासून सपाट करू नका.

रंगपेटी:
वेळेचं: सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर, सावलीत, साधारण ९ ते ११. मे महिन्यात दुपारी पत्रा इतका तापतो की पीयू वरून सुकतो, आतला थिनर अडकतो आणि टाचणीसारखी भोकं पडतात. वळवाची चिन्हं असतील त्या दिवशी पीयूचा डबा उघडूच नका.

नवी अक्षरं ताज्या रंगावर लगेच नकोत, दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर आतून निघणाऱ्या वाफेने बुडबुडे येतात. लावताना साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी फवारा, अक्षर सरकवून जागेवर आणा आणि मधून कडेला रबरी पट्टीने पाणी काढा. नोंदणी क्रमांक तिथेच असेल तर काढण्याआधी मोजायची टेप धरून फोटो घ्या, उंची आणि जागा दोन्ही तशीच लागेल. बोट त्या क्रमांकाशिवाय पाण्यात नेऊ नका.