मुलगा मीटिंगला आत, मी बाहेर पायरीवर

फोंड्याची आई
मुलगा १९ वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. गांजा. आम्हाला आधी नुसती सिगारेट वाटली होती. जूनमध्ये त्याने फुटबॉलचे नवे स्टड्स विकले तेव्हा पोटात धस्स झालं, कारण त्याच स्टड्ससाठी तीन महिने माझं डोकं खाल्लं होतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवलं, उपचार चालू आहेत. नशा सोडू पाहणाऱ्यांच्या ग्रुपलाही जा म्हणाले. पणजीला चार मीटिंग झाल्या. मी बसने सोबत येते, बाहेर पायरीवर बसते. बाहेर आला की विचारते, आज काय झालं? पहिल्या दिवशी म्हणाला, "सगळे बाबांच्या वयाचे आहेत गो आई." आता तेवढंही बोलत नाही.

अर्धेअधिक दारूवाले आहेत म्हणे. त्यांच्यात बसून हा आणखी काही शिकून आला तर? तरुणांसाठी वेगळं काही असतं का? शेजारणीने अलाटीन सुचवलं. शिवाय पोलिसांची भीती. आणि चतुर्थी तोंडावर, मूळ घरी चाळीस माणसं. हे म्हणतात, तोवर मीटिंग बंद ठेव, कोणाला कळायला नको.

डिचोलीकर
ताई, अलाटीनच्या नावावर जाऊ नका, मीही फसलो होतो. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या दारूने पोळलेल्या पोरांसाठी ते १९५७ साली सुरू झालं. स्वतः नशा करणाऱ्या मुलासाठी ते नव्हे. त्याच्यासाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस. तिथे वयाची अट नाही, फी नाही, नशा सोडायची इच्छा एवढंच लागतं.

आणि तुम्ही पायरीवर कशाला? आईबापांसाठी नार-अनॉन, अल-अनॉन आहे, ऑनलाइन मीटिंगही असतात. मी पहिल्यांदा वही घेऊन गेलो, पोराला सुधारायचे उपाय उतरवून घ्यायला. एकाने उपाय सांगितला नाही! जो तो स्वतःबद्दलच बोलत होता, स्वतःची झोप, स्वतःचा राग. चिडून घरी आलो. पुढच्या आठवड्यात वही न घेता गेलो.

आजपुरतं
काकू, मी २४ वर्षांचा, नशा सोडून दोन वर्षं झाली. आत काय झालं हे विचारू नका. तिथलं तिथेच राहतं, म्हणून तर तोंड उघडतं. नवी नशा शिकायला मीटिंगला कशाला जायला हवं, ते शिक्षण कॉलेजच्या मागेच पुरं झालं होतं.

मलाही सगळे म्हाताऱ्यांसारखे वाटले. त्यातल्या एकाने, निवृत्त बस ड्रायव्हर, मला काही विचारलं नाही, चहाचे कप विसळायला दिले. सहा आठवडे मी फक्त कप विसळले. तरुणांच्या वेगळ्या मीटिंग काही शहरांत असतात, तिथल्याच कोणाला तरी विचारा. 'ओपन' मीटिंग असेल त्या दिवशी तुम्हीही आत बसू शकता.

चतुर्थीतच मीटिंग सोडू नका. रात्री पत्ते मांडले की चुलतभाऊ ग्लास पुढे करणारच. मी त्या वर्षी आरतीला वाजवायचं घुमट हातातून सोडलंच नाही. आरत्या संपल्या तरी मांडीवर. हात रिकामा नको.

कोर्टाची पायरी
पोलिसांबद्दल: अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यातलं कलम ६४अ स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. पण उपचार पुरे करायला हवेत. विक्रीला ही सूट नाही. कागद जपून ठेवा, तपशील वकिलाकडून समजून घ्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

फोंड्याची आई
काल विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये बाणस्तारीपर्यंत जीभ चावून बसले, फार जड गेलं. यांची अजून ना आहे. मी मात्र गुरुवारी ऑनलाइन बसणार, माडीवर दार लावून.

चतुर्थीचं ठरवलं. मीटिंगच्या संध्याकाळी आम्ही दोघं मूळ घरातून निघणार. मोठ्या जाऊबाईंना तेवढं सांगितलं. वाटलं, आता शंभर प्रश्न. त्या म्हणाल्या, "परत यायला उशीर होईल ना? दोन ताटं झाकून ठेवते."