मदत हवी आहे: मॉरिशसचं मोफत शिक्षण, डिझर्टेशनसाठी नेमका प्रश्न कसा काढू?

सुपारीचं_झाड

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मी रत्नागिरीकडे शाळेत शिकवते, नोकरी सांभाळून एम.ए. एज्युकेशन चालू आहे. डिझर्टेशनला विषय घेतला "मोफत शिक्षण आणि मॉरिशसचा विकास". सिनॉप्सिस परत आला, वर लाल पेनाने एकच शेरा: विषय आहे, प्रश्न कुठाय? तेव्हापासून डोकं बंद पडलंय.

मॉरिशसच का, तर पुण्याला हॉस्टेलवर माझी रूममेट तिथली होती. स्कॉलरशिपवर मराठी शिकायला आलेली. तिचे पूर्वज आपल्याच बाजूचे, उसाच्या मळ्यावर गिरमिटिये म्हणून गेलेले. घरात क्रिओल (फ्रेंचपासून घडलेली तिथली बोली), देवापुढे मराठी, असं ती सांगायची. गणपतीला देशभर सुट्टी असते हे पण तिच्याकडूनच कळलं.

तिच्या घरची गोष्ट डोक्यातून जात नाही. पणजी ऊस कापायची. 1947 च्या घटनेत असं आलं की बेटावर चालणाऱ्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मताचा हक्क, मग गावोगावच्या बैठकांमध्ये (तिथे बैठका म्हणजे संध्याकाळची शाळाच) बिसुनदयाल बंधूंच्या (तिथले भारतीय वंशाचे पुढारी) स्वयंसेवकांनी लोकांना अक्षरं शिकवली आणि 1948 ला मळेवाल्यांच्या नाकावर टिच्चून मजूर मतदानाला उभे राहिले, त्यात ही पणजी. देवनागरी शिकली ती मतासाठी! आणि तिचीच नात, म्हणजे रूममेटची आई, तिला फॉर्म टूच्या (म्हणजे आठवीच्या) आत शाळा सोडावी लागली, कारण कॉलेजची (तिथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात) फी दोघांची परवडेना आणि मोठा भाऊ शिकत होता. ते 1975. दोन वर्षांनी, जानेवारी 1977 पासून माध्यमिक शिक्षण फुकट. पण तोवर ती घरात धाकट्यांचं बघत होती, परत पाठवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. पुढे स्वेटरच्या फॅक्टरीत लागली, गळ्याची पट्टी अंगाला जोडायच्या मशीनवर, एकेक टाका सुईवर चढवायचा, डोळे गेले म्हणायची. आणि त्या पगारावर मुलीची ट्यूशन.

आता माझी गोची अशी की पुस्तकात सरळ लिहिलेलं असतं, शिक्षण दिलं म्हणून देश वर आला. इथे तर शाळा सुटलेल्या बाईने मशीन चालवून देश वर आणला आणि मग शिक्षणाचे पैसे भरले असं दिसतंय. मी उलटं वाचतेय का? पंधरा दिवसांत सिनॉप्सिस परत द्यायचाय.

हिशेबनीस

उलटं नाही, बरोबर वाचताय. तारखा एका कागदावर मांडा म्हणजे आपोआप दिसेल.

1961 मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड (नंतर नोबेल मिळालेले) यांच्या समितीचा अहवाल आला, त्याचा सूर निराश होता: सगळी निर्यात साखरेवर, लोकसंख्या भराभर वाढतेय, या बेटाचं काही खरं नाही. 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य. 1970 ला निर्यात फॅक्टऱ्यांसाठी सवलतींचा कायदा. मग 1974 ला जगात साखरेचा भाव आभाळाला भिडला, आणि 1975 च्या लोमे करारात युरोपने दर वर्षी साधारण 5 लाख टन साखर ठरल्या भावाने घ्यायचं कबूल केलं. साखरेच्या निर्यातीवर सरकारचा कर होता. म्हणजे 1977 च्या फुकट शाळेचं बिल मळ्यानेच फेडलंय, ज्या मळ्यावर पणजी राबली.

पुढचं पण बघा. 77 ला आत आलेली पोरं शिकून बाहेर पडली 82-84 च्या सुमाराला, तेव्हा बेकारी टोकाला होती, तिथल्या रुपयाचं 79 आणि 81 असं दोनदा अवमूल्यन झालेलं. फॅक्टऱ्या बहरल्या त्या त्यानंतर, आणि पहिल्या फळीत होत्या तुमच्या रूममेटच्या आईसारख्या बायका. बँका, हॉटेलं, नंतर आयटी, तिथे मात्र शिकलेलीच पिढी लागली. तेव्हा "शिक्षणाने विकास" हे दुसऱ्या लाटेला लागू पडतं, पहिल्या लाटेला ओढूनताणून लावू नका.

जुनाकांदा

ताई, एकट्या मॉरिशसवरून काहीच सिद्ध होत नाही, शेजारी श्रीलंका ठेवा. तिथे शिक्षणमंत्री कन्नंगरांनी 1945 ला, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, शिक्षण फुकट केलं, खेड्यापाड्यात मध्य महाविद्यालयं काढली. मुलं शिकली, नोकऱ्या नव्हत्या, आणि 1971 चं बंड कुणी केलं, तर त्याच शिकलेल्या खेड्यातल्या बेकार पोरांनी. तेही बेटच, पाऊल तेच, फळ वेगळं. फुकट शाळेने अपेक्षा तयार होते, नोकरी नाही.

शिवाय सरकारने हे दानधर्म म्हणून दिलं असं लिहू नका हं. मॉरिशसमध्ये 1972 ची निवडणूक ढकलली होती, 71 पासून आणीबाणी. मे 1975 ला कॉलेजची पोरं पोर्ट लुईकडे मोर्चा घेऊन निघाली, सरकारी आणि खासगी कॉलेजातल्या फरकावर चिडून, तर ग्रां रिव्हिएरच्या पुलावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्याच वर्षाअखेर मतदानाचं वय 21 वरून 18 केलं. मग डिसेंबर 1976 च्या निवडणुकीच्या तोंडावर पंतप्रधान रामगुलामांनी फुकट शिक्षण जाहीर केलं. ज्यांना मारलं त्यांनाच मतं मागायची होती ना.

सुपारीचं_झाड

बाप रे. रूममेटची आई नेमकी त्याच मे महिन्यात शाळेतून बाहेर पडली, हे मला आज जुळलं. श्रीलंका मात्र दुसरा पूर्ण देश होईल, ऐंशी पानांत बसणार कसा?

वाक्वाकर

मी आठ वर्षं इथे मॉरिशसला आहे, एबेनला (इथलं आयटीचं ठिकाण) नोकरी, त्यामुळे पुस्तकी नाही, घरचं सांगतो. फी गेली पण खर्च गेला नाही, तो शाळेबाहेर गेला. इथे ट्यूशनला लेसों म्हणतात. सहावीच्या शेवटी सीपीई नावाची परीक्षा होती, 2016 पर्यंत, त्यात निकाल चांगला आला तरच नावाजलेल्या सरकारी कॉलेजात. दर वर्षी हजारो पोरं अकराव्या-बाराव्या वर्षी नापास व्हायची. खालच्या वर्गांच्या लेसोंवर कायद्याने बंदी आणली तरी लोक थांबेनात. 2017 पासून नवीन पद्धत आली, नाव बदललं, पण नाक्यावर संध्याकाळी सहाला दप्तरं घेऊन उभी पोरं आजही दिसतात.

भाषेचं पण बघा. पोरगं घरी क्रिओल बोलतं, मास्तर फ्रेंचमध्ये समजावतो, पेपर इंग्रजीत. माझ्या मुलाला पहिल्या वर्षी "समजलं का" तीन भाषांत विचारायचे. क्रिओल शाळेत विषय म्हणून आली ती थेट 2012 ला, तीही ऐच्छिक. कोण मागे पडलं, तर बरेचदा क्रिओल (इथे आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही क्रिओलच म्हणतात) वस्त्यांमधली आणि मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावरची मुलं. 2003 ला सर्वात कमी निकालाच्या प्राथमिक शाळांसाठी खास योजना काढली, झेडईपी म्हणतात, ती बघा.

हिशेबनीस

वाक्वाकरांनी तुमचा प्रश्नच दिला की. "शिक्षणाने विकास झाला का" सोडा. "फी माफ झाल्यावर शाळेचा खर्च कुटुंबात कोणावर पडला" हे घ्या. ते ऐंशी पानांत बसतं. श्रीलंका एका तळटीपेत.

सुपारीचं_झाड

हे आवडलं, आणि रूममेटने सांगितलेलं एक आता आठवतंय, तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं. ती 2004 ला सीपीई बसली. 2005 च्या सुरुवातीला कपड्यांचा जागतिक कोटा (कुठल्या देशाने किती माल पाठवायचा याची मर्यादा) संपला, फॅक्टऱ्या बंद पडू लागल्या, आईची पण गेली, मशीन निघून गेलं, हातावर थोडे पैसे. त्याच वर्षी विद्यार्थ्यांना बस फुकट झाली. आई म्हणाली, बसचे पैसे वाचले ते लेसोंला. म्हणजे एक खर्च सरकारने उचलला की घर तो लगेच दुसरीकडे लावतं!

मग प्रश्न असा लिहू का: 1977 ते 2016 मध्ये सरकारने फी, मग बस माफ केली तरी सहावीच्या परीक्षेमुळे खर्च घरातल्या बाईच्या कमाईवर कसा आला. तीन पिढ्यांची कुटुंबं घेते, पाच-सहा पुरतील ना? आणि वाक्वाकर, तुमच्याकडे 77 च्या आधी शाळा सुटलेल्या कुणी बाई ओळखीत असतील तर फोनवर बोलायला मिळेल का, मराठी नसल्या तरी चालेल, रूममेट दुभाषी व्हायला तयार आहे.

वाक्वाकर

पाच-सहा चालतील, पण एक तरी रॉड्रिग्जचं घ्या, नाहीतर सगळी मराठी-हिंदी घरंच येतील. आमच्या मजल्यावर साफसफाईला एक आज्जी येतात, वय बसतंय. रविवारी देवळात भेटतात, तेव्हा विचारतो. ऑफिसात नाही विचारणार, तिथे त्या खूप कमी बोलतात.